बाक आलेल्या पाठीसाठी स्वेटर : एक प्रकरण अभ्यास

माझ्या एका मैत्रिणीला आईसाठी पुढून उघडणारा, बटणांचा स्वेटर विणायचा होता. काकू सत्तरी ओलांडलेल्या. पाठीला वरच्या बाजूला बाक आलेला, खांदे अरुंद, दंड भरलेले, हात डोक्यावर नेताना त्रास. शिवाय "मला लोकर सोसत नाही, टोचते" ही कायमची तक्रार. मैत्रिणीचा हात चांगला आहे, विणकाम एकसारखं येतं. तरी तिनेच आधी विणून दिलेला एक स्वेटर काकूंनी दोनदा घालून कपाटात ठेवून दिला होता. मागून वर चढतो, गळ्याशी दाबतो, दंडात आवळतो, अशा कुरबुरी होत्या. म्हणून या वेळी तिने मनाशी दोन गोष्टी ठरवल्या होत्या: माप एक नंबर मोठं घ्यायचं आणि लोकरीऐवजी सुती धागा वापरायचा.

दोन्ही निर्णय मायेपोटीच घेतलेले होते. पण काकूंच्या अंगाला दोन्ही उपयोगाचे नव्हते. का, आणि मग त्याऐवजी काय केलं, ते इथे आकड्यांसह मांडते आहे. विणकामाच्या तयार आराखड्यांमध्ये पाठ ताठ धरलेली असते. वय वाढलेल्या शरीरासाठी विणणाऱ्यांना त्यामुळे सगळा हिशेब स्वतःच करावा लागतो, आणि तो कुठे लिहिलेला सहसा सापडत नाही.

जुना स्वेटर अंगावर

नवं काही ठरवण्याआधी आम्ही तो जुना स्वेटर काकूंना घालायला लावला. बिघडलेला स्वेटर अंगावर चढवून पाहण्याइतकी चांगली माहिती दुसरी कुठलीच नसते. उसवून टाकलेला असता तर ती गेली असती.

मागची किनार पुढच्यापेक्षा चांगली चार बोटं वर गेली होती. बाजूची शिवण काखेतून सरळ खाली न उतरता मागे ओढली गेली होती. खांद्याची शिवण खांद्याच्या माथ्यावर नव्हती, मागे सरकली होती, आणि त्यामुळे पुढचा गळा वर चढून कंठाशी टेकत होता. काकू बोलता बोलता दर थोड्या वेळाने दोन बोटं घालून तो खाली ओढत होत्या. त्यांना स्वतःला ते जाणवतही नव्हतं.

याचं कारण एकच होतं. मानेच्या हाडापासून कमरेपर्यंतचं अंतर बाकावरून गेल्यामुळे वाढलं होतं आणि स्वेटरची पाठ तेवढी लांब नव्हती. पाठीला लागणारं विणकाम स्वेटर मिळेल तिथून ओढून घेत होता, खालच्या किनारीकडून आणि पुढच्या गळ्याकडूनही.

दुसरी गोष्ट बाहीची. बाही जिथे जोडली होती ती रेघ खांद्याच्या टोकापासून खाली दंडावर उतरली होती, म्हणजे खांद्याला स्वेटर मोठा होता. त्याच वेळी दंडावर विणकाम ताणून टाक्यांच्या मधून आतला कपडा दिसत होता, म्हणजे दंडाला तो लहान होता. एकच कपडा एका जागी मोठा आणि चार बोटांवर लहान. इथे एक माप वर गेलं असतं तर दंडाला थोडा आराम पडला असता, पण खांदा आणखी उतरला असता, गळा आणखी पसरला असता आणि पाठीचा प्रश्न जिथल्या तिथेच राहिला असता.

मापं

मापं घेताना एक गंमत प्रत्येक वयस्क माणसाच्या बाबतीत होते. टेप हातात घेतला की ते ताठ उभे राहतात. काकूंनीही श्वास ओढून पाठ सरळ केली. ते माप खरं, पण त्या तशा कधी बसत-उठत नाहीत. म्हणून मैत्रिणीने त्यांच्याशी इकडचं तिकडचं बोलणं काढलं, खांदे सैल पडू दिले आणि मग मानेच्या मागच्या ठळक हाडावर टेपचं टोक ठेवून बाकावरून कमरेपर्यंत आणलं. माप आलं 43 सेंटीमीटर. मैत्रिणीने विणायला घेतलेल्या आराखड्यात त्या जागी 40 होते.

बाकीची मापं अशी: पूर्ण छाती 98, काखेखालून पण छातीच्या वरून घेतलेला घेर 92, खांदा ते खांदा 35, दंडाचा सर्वांत भरलेला घेर 34, मनगट 16, काखेपासून मनगटापर्यंत 41. सगळी सेंटीमीटरमध्ये आणि रोजच्या कपड्यांवरून घेतलेली, कारण स्वेटर त्यावरच घातला जाणार.

यातलं 92 हे माप बहुतेक जणी घेतच नाहीत. मला मात्र ते सगळ्यात मोलाचं वाटतं. छातीचा भरीव भाग त्यात येत नसल्याने हाडांच्या सांगाड्याचा अंदाज त्यातून मिळतो. खांदा, गळा आणि मुंढा (बाही जोडायची जागा) या सांगाड्यावर बसतात आणि विणून झाल्यावर सुधारायला याच तीन जागा सर्वांत अवघड. म्हणून माप यांच्यावरून निवडायचं आणि छातीला, दंडाला जे कमी पडेल ते तिथल्या तिथे वाढवून घ्यायचं.

आराखड्यात तयार स्वेटरच्या छातीची मापं 92, 100, 108 आणि 116 होती. पूर्ण छाती 98 धरून थोडी मोकळीक दिली की हात आपोआप 108कडे जातो. पण 108च्या मापाला खांदा ते खांदा साडेअडतीस होते; काकूंचे पस्तीस. 100च्या मापाला ते छत्तीस होते. वरचा घेर 92 आणि वर आठ सेंटीमीटर मोकळीक, तेही बरोबर शंभर. माप 100 पक्कं झालं. मैत्रिणीला हे पटायला वेळ लागला, कारण तिचा जुना स्वेटर 108चाच होता आणि तो "लहान" म्हणूनच नापास झाला होता.

धागा

सुती धाग्याचा विचार का सोडला ते आधी सांगते. सुताचा तंतू स्वतःहून परत जागेवर येत नाही. लोकरीच्या तंतूला नैसर्गिक कुरळेपणा असतो. ओढला की लांबतो, सोडला की आखडतो. सुताला ती उसळी नाही, त्यामुळे विणकामाचा पोत जसा ताणला जातो तसाच राहतो. त्यात वजन. आराखड्याला साधारण 1100 मीटर धागा लागणार होता. मैत्रिणीने पसंत केलेल्या सुती धाग्याच्या 50 ग्रॅमच्या गुंड्यात 90 मीटर धागा होता, म्हणजे स्वेटर सहाशे ग्रॅमच्या वर. त्याच जाडीच्या मेरिनोच्या, म्हणजे मेरिनो मेंढीच्या मऊ लोकरीच्या, 50 ग्रॅममध्ये 120 मीटर, म्हणजे साधारण साडेचारशे ते पाचशे ग्रॅम. शंभर-दीडशे ग्रॅमचा फरक तरुण खांद्यांना कळणारही नाही. पण काकूंच्या उतरत्या, पुढे झुकलेल्या खांद्यांवरून तो स्वेटर दिवसभर खाली आणि पुढे ओढत राहिला असता. पुढून उघडणाऱ्या स्वेटरमध्ये हे जास्तच, कारण बटणपट्टीचं वजन पुढेच असतं.

राहिला प्रश्न टोचण्याचा. "लोकर सोसत नाही" हे ऐकलं की आपण ते ॲलर्जी म्हणून मान्य करतो. खरं तर बहुतेक वेळा तो तंतूच्या जाडीचा प्रश्न असतो. साधारण 30 मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड तंतूंची टोकं कातडीला लागल्यावर वाकत नाहीत, टोचतात. बारीक तंतू लागताच वाकतो, म्हणून जाणवत नाही. मेरिनोचा तंतू साधारण 24 मायक्रॉनपेक्षा बारीक असतो आणि अंगाला लागून घालायच्या कपड्यांसाठी त्याहून बराच बारीक निवडला जातो. काकूंनी आयुष्यात जी लोकर घातली ती जाडीभरडी होती, त्यामुळे त्यांचा अनुभव खोटा नव्हता, पण तो साऱ्या लोकरीला लागू नव्हता.

मात्र हे त्यांना समजावून सांगण्यात अर्थ नव्हता. कातडीला विचारायचं होतं. तीन धाग्यांचे चौकोन विणले: सुती, अल्पाका या प्राण्याची लोकर मिसळलेला आणि मेरिनो. ते काकूंच्या गळपट्टीत मानेच्या मागे, एकेका दिवशी एकेक, आतल्या बाजूने टाचून ठेवले. बोटांनी चाचपून निवडलेला धागा बऱ्याचदा फसवतो, कारण बोटांची कातडी राठ झालेली असते. मानेची कातडी खरं बोलते. अल्पाका मऊ होता, तरी त्यातले केसाळ तंतू काकूंना संध्याकाळपर्यंत नकोसे झाले. मेरिनोचा चौकोन मैत्रिणीने रात्री काढायला सांगितला तेव्हा त्या म्हणाल्या, "अगं, तो अजून आहे का तिथे?"

अल्पाका तसाही या स्वेटरसाठी बरा नव्हता. तो ऊबदार, पण त्यात लोकरीची उसळी कमी असते आणि स्वतःच्या वजनाने तो लांबत जातो. शालीला उत्तम. ॲक्रिलिकचा विचार फार केला नाही. हलकं आणि धुवायला सोपं असलं तरी ओलावा शोषून घेत नाही, त्यामुळे घाम आला की अंगाला चिकट वाटतं. लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळपास 30 टक्के ओलावा ओलसर न वाटता सामावून घेते. घरात बसून दिवसभर अंगात राहणाऱ्या कपड्याला हा गुण हवाच.

मग मेरिनोमध्येही निवड होती. काकूंचे कपडे यंत्रात धुतले जातात, हाताने निगुतीने लोकर धुणारं कुणी नाही. साधी लोकर गरम पाण्यात घुसळली की तंतूवरचे खवले एकमेकांत अडकतात आणि कपडा आटून घट्ट नमदा होतो. सुपरवॉश लोकरीत ते खवले रासायनिक प्रक्रियेने बोथट करून वर बहुधा राळेचा पातळ थर दिलेला असतो, म्हणून ती आटत नाही. पण खवल्यांची पकड गेली की टाकेही एकमेकांवरून घसरू लागतात, आणि सुपरवॉश स्वेटर ओला झाला की वाढतो, विशेषतः लांबीत. हा दोष माहीत असला की त्याचा हिशेब करता येतो. आम्ही तो करायचं ठरवलं आणि सुपरवॉश मेरिनोच घेतली, मात्र चांगला पीळ असलेली, चार पदरी. एकेरी पदराचा सैल धागा गुंड्यात पाहायला सुंदर असतो, पण काखेत आणि बटणपट्टीजवळ त्याला लगेच गोळे येतात.

एकाच डाय लॉटचे, म्हणजे एकाच वेळी रंगवलेले, अकरा गुंडे घेतले. हिशेबाने दहा पुरले असते; पण बाह्या रुंद होणार होत्या आणि नमुन्यांनाही धागा जाणार होता.

धुतलेला नमुना

आराखड्यात 4 मिलिमीटरच्या सुयांवर 10 सेंटीमीटरमध्ये 22 टाके आणि 30 ओळी सांगितल्या होत्या. मैत्रिणीने 4च्याच सुयांवर चौकोन विणला, सुईवरून उतरवला, मोजला: बरोबर 22. ती लगेच टाके घालायला निघाली होती.

तो चौकोन आम्ही काकूंचे कपडे धुतले जातात तसाच यंत्रात धुतला, आडवा पसरून वाळवला आणि पुन्हा मोजला. 21 टाके, 28 ओळी. एका टाक्याचा फरक ऐकायला किरकोळ वाटतो. पण शंभर सेंटीमीटर घेरासाठी 220 टाके होते. 22च्या हिशेबाने ते 100 सेंटीमीटर, 21च्या हिशेबाने जवळजवळ 105. पहिल्या धुण्यानंतर स्वेटर पाच सेंटीमीटर रुंद झाला असता, आणि आपण मोजून मापून निवडलेला खांदा पुन्हा दंडावर उतरला असता.

सुई पावणेचार मिलिमीटरची घेतली. धुऊन वाळवल्यावर 22 टाके, 29 ओळी. पोतही आवडला, मुठीत दाबून सोडला की परत उघडत होता, पण विरविरीत नव्हता. नंतर त्या चौकोनाच्या खालच्या कडेला कपड्यांचे चिमटे लावून तो रात्रभर टांगला. सकाळी लांबीत किंचित वाढ दिसली. बाही मनगटाला जेमतेम पोचेल इतकीच ठेवायची, हे तिथेच ठरलं.

ओळींच्या आकड्याकडे बरेच जण दुर्लक्ष करतात, कारण "अमुक सेंटीमीटर होईपर्यंत विणा" असं लिहिलेलं असतं. पण मुंढा आणि बाही ओळी मोजून विणल्या जातात. आराखड्यात मुंढ्याच्या 60 ओळी होत्या. 30च्या हिशेबाने वीस सेंटीमीटर, आमच्या 29च्या हिशेबाने 20.7. भरलेल्या दंडासाठी ही सात मिलिमीटरची वाढ फायद्याचीच होती, म्हणून ती तशीच राहू दिली.

रंगाबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. काकूंनी निवडला.

बाही

सगळ्यात जास्त वेळ इथे गेला आणि तो जायलाच हवा होता. पुष्कळ आराखड्यांत बाहीचा दंडाजवळचा घेर छातीच्या साधारण एक तृतीयांश धरलेला असतो. विणकामावर पुस्तकं लिहिणाऱ्या एलिझाबेथ झिमरमन यांनी लोकप्रिय केलेली टक्केवारीची पद्धतही जवळपास हेच सांगते: अंगाचे टाके 100 धरले तर दंडाजवळ 33 ते 35. आमच्या आराखड्यात 220 टाक्यांना बाहीचे 72, म्हणजे जवळपास 33 सेंटीमीटर. काकूंचा दंड 34. स्वेटर बाहीला उणाच पडला असता. वय वाढताना पुष्कळ बायकांचे दंड छातीच्या प्रमाणात राहत नाहीत, आणि "स्वेटर घट्ट होतो" या तक्रारीमागे बहुतेकदा दंड असतो, छाती नव्हे.

दंड 34 आणि वर चार सेंटीमीटर मोकळीक, एकूण 38. सेंटीमीटरला 2.2 टाके, म्हणून 38 गुणिले 2.2, म्हणजे 84 टाके. मनगटाशी 44 टाके तसेच ठेवले, ते वीस सेंटीमीटर होत होते. 44पासून 84पर्यंत जायचं तर 40 टाके वाढवायचे, दर वेळी दोन्ही कडांना एकेक, म्हणजे वीस वेळा. काखेपर्यंतची लांबी 41. त्यातली सहा सेंटीमीटर मनगटाची एक सुलट एक उलट बॉर्डर. उरले 35 सेंटीमीटर, ओळी सुमारे शंभर. शेवटच्या दहा ओळी न वाढवता सरळ विणायच्या. नव्वद ओळींत वीस वाढी बसवायला मैत्रिणीने दर चौथ्या ओळीला पंधरा वेळा आणि नंतर दर सहाव्या ओळीला पाच वेळा टाके वाढवले. साठ आणि तीस, नव्वद. वाढ सगळी सुलट बाजूला येते, त्यामुळे मोजणंही सोपं.

बारा टाके जास्त झाले की बाहीचा वरचा गोल भाग बदलतो, आणि तो मुंढ्यात बसला पाहिजे. प्रत्येक कडेला सहा टाके जास्त होते. त्यातले तीन काखेत सुरुवातीला जे टाके एकदम बंद करतात त्यांच्यातच मिळवले. उरलेले तीन गोलाच्या मधल्या भागात, जिथे आराखडा एक ओळ सोडून टाका घटवायला सांगत होता तिथे काही वेळा लागोपाठच्या ओळींत घटवून.

हे डोक्यात चालवण्याऐवजी चौकटींच्या कागदावर खऱ्या मापात काढलं. मग टेप आडवा न ठेवता कडेवर उभा धरून, वळणावळणाने बाहीच्या गोलाची लांबी मोजली आणि तशीच मुंढ्याची. बाहीचा गोल एक-दोन सेंटीमीटर जास्त भरला तर चालतो. खांद्याच्या माथ्याशी तो जिरवता येतो. कमी भरला तर बाही वर ओढते आणि हात उचलताना सगळा स्वेटर वर येतो. आमचा दीड सेंटीमीटर जास्त आला. यापेक्षा चांगला मेळ मागायचं कारण नव्हतं.

पुढचे भाग आणि पाठ

पुढच्या भागांना फार करावं लागलं नाही. पूर्ण छाती 98, वर साधारण सहा सेंटीमीटर मोकळीक, म्हणजे 104 हवे होते, माप 100चं. कमी पडणारी सगळी रुंदी पुढेच हवी होती, पाठीला नको होती. दोन्ही पुढच्या भागांत चार-चार टाके बाजूच्या कडेला, कमरेपासून काखेपर्यंत हळूहळू वाढवले आणि मुंढ्याच्या घटीत तेवढेच जास्त कमी केले. प्रत्येक भागाच्या 55 टाक्यांचे 59 झाले आणि खांद्यापर्यंत जाताना पुन्हा आराखड्याच्या आकड्यावर आले. घेर 103.6 सेंटीमीटर भरला आणि खांदा हलला नाही.

पाठ हा या स्वेटरचा गाभा. तीन सेंटीमीटर जास्त लांबी हवी होती, पण फक्त मधोमध. सगळ्या पाठीलाच तीन सेंटीमीटर वाढवले असते तर मुंढा मागून खोल झाला असता आणि काखेत विणकामाचा बोळा जमला असता. इथे शॉर्ट रोज उपयोगी पडतात, म्हणजे ओळ शेवटपर्यंत न नेता अर्ध्यातून परत वळवायची. कडेला ओळी तेवढ्याच राहतात, मध्ये वाढतात, आणि विणकामाला बाकासाठी खोलगटपणा येतो.

सेंटीमीटरला 2.9 ओळी, म्हणून तीन सेंटीमीटर गुणिले 2.9, जवळपास नऊ ओळी. शॉर्ट रोज जोडीने येतात, म्हणून आठ ओळी, चार जोड्या. मुंढ्याची घट संपल्यावर पाठीचे 80 टाके उरले होते. पहिल्या जोडीत दोन्ही कडांपासून आठ टाके शिल्लक ठेवून वळलो, दुसरीत चौदा, तिसरीत वीस, चौथीत सव्वीस. शेवटच्या जोडीला मधले 28 टाकेच विणले गेले. चारही जोड्या एकावर एक घातल्या असत्या तर पाठीवर फुगवटा दिसला असता. म्हणून प्रत्येक जोडीनंतर सहा पूर्ण ओळी विणल्या. त्यामुळे वाढ आठ सेंटीमीटर उंचीत पसरली, आणि बाकही साधारण तेवढ्याच उंचीत पसरलेला होता. वळताना टाका मागे ओढून दुहेरी करण्याची जर्मन पद्धत वापरली. सपाट सुलट विणीत वळलेली जागा त्यात फारशी दिसत नाही.

खांद्याची शिवण पुढे आणायची होती. पाठीच्या मुंढ्याला 60 ऐवजी 64 ओळी आणि पुढच्या मुंढ्याला 56. मुंढ्याचा एकूण घेर तोच, पण शिवण दीडेक सेंटीमीटर पुढे सरकून काकूंच्या खांद्याच्या माथ्यावर आली. गळा पुढून थोडा खोल केला, मागून दोन जोड्या शॉर्ट रोज घालून उचलला.

मैत्रिणीला सुरुवातीला वरून खाली, बिनशिवणीचा स्वेटर विणायचा होता. मी तो नको म्हटलं. सुपरवॉश लोकर वाढते, आणि खांद्याच्या व बाजूच्या शिवणी तिला धरून ठेवतात. शिवाय इथे पाठ, पुढचे भाग आणि बाही, तिन्हींचे हिशेब वेगळे होते. सुटे भाग विणले तर एकातली चूक दुसऱ्यात जात नाही. शिवणीसाठी प्रत्येक कडेला एक टाका जास्त धरला होता, तो वरच्या आकड्यांत मोजलेला नाही.

अंगावर

भाग धुऊन, आडवे पसरून, मापात ठेवून वाळवले. मग वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने मोठे कच्चे टाके घालून जोडले आणि काकूंना घातले. बटणपट्टी अजून विणायची होती. हा टप्पा कुणी गाळू नये. पक्की शिवण उसवताना लोकरीचा टाका तुटायची भीती असते, कच्चा दोरा एका ओढीत निघतो.

मागची किनार पुढच्याच रेषेत होती. बाजूची शिवण सरळ उतरत होती. काकूंनी हात पुढे करून टेबलावरचं भांडं उचललं, खाली ठेवलं, दंडाला हात लावून पाहिला. "ओढत नाही कुठे," एवढंच म्हणाल्या. गळ्याकडे त्यांचा हात गेला नाही, आणि आम्ही दोघी नेमकं तेच पाहत होतो.

एक गोष्ट बदलावी लागली. पुढे झुकल्यावर पुढच्या गळ्याशी एक आडवी सुरकुती येत होती, म्हणजे तिथे अजून विणकाम जास्त होतं. दोन्ही पुढच्या भागांचा वरचा थोडा भाग उसवून गळा आणखी चार ओळी खाली सुरू केला. सुरकुती गेली.

बटणपट्टीचे टाके पुढच्या कडेवरून उचलताना चार ओळींमागे तीन टाके उचलले. 22 टाक्यांना 29 ओळी, म्हणजे प्रमाण तीन-चतुर्थांशाच्या अगदी जवळ. प्रत्येक ओळीला एक उचलला असता तर पट्टी नागमोडी झाली असती, फारच कमी उचलले असते तर पुढची कड वर ओढली गेली असती. बटणं मोठी पण हलकी घेतली, काकूंच्या बोटांना धरता यावीत म्हणून. पट्टीच्या मागे आतून प्रत्येक बटणाखाली एक छोटं सपाट बटण लावलं. त्यामुळे ओढ विणकामावर न येता दोन बटणांत राहते.

काही महिने वापरल्यावर आणि बऱ्याचदा धुतल्यावर पुन्हा मापं घेतली. घेर बदललेला नाही. पाठीची लांबी तीच. काखेत थोडे गोळे आले, ते काढल्यावर पुन्हा फारसे आले नाहीत. सुटे बारीक तंतू सुरुवातीलाच निघून जातात. बाह्या मात्र सेंटीमीटरभर लांबल्या आहेत. चौकोन टांगून पाहिला होता तेव्हाच हे दिसलं होतं, तरी बाहीचं स्वतःचं वजन चौकोनापेक्षा जास्त, म्हणून वाढही जास्त. अशा धाग्याला बाही मापापेक्षा सेंटीमीटरभर आखूड विणायला हवी, असं आता मी प्रत्येकीला सांगते.

काकू सध्या मनगटाची बॉर्डर एकदा दुमडून घालतात आणि त्यांना ते चालतं. मैत्रिणीला चालत नाही. बाही खालून वर विणलेली असल्याने ती मनगटाकडून उसवत जात नाही, म्हणून बॉर्डरच्या वर तीन ओळी सोडून चौथ्या ओळीतले टाके बारीक सुईवर उचलायचे, त्याच्या खालच्या ओळीतला एक टाका कापून बॉर्डर त्या तीन ओळींसकट वेगळी करायची आणि नवी बॉर्डर वरून खाली विणून सैल हाताने बंद करायची. त्यासाठी उरलेल्या गुंड्यातला धागा तिने आधी लडी करून धुऊन ठेवला आहे, म्हणजे नवा भाग जुन्याइतकाच वाढलेला असेल.